विद्यापीठाचे बिनतारी दार

प्रवेशाचे दिवस जवळ आले की महाविद्यालयांची माहितीपत्रके बाहेर पडू लागतात. प्रशस्त इमारत, सुसज्ज प्रयोगशाळा, समृद्ध ग्रंथालय आणि अनुभवी अध्यापकवर्ग ही त्यांतील परंपरागत विशेषणे. त्यांच्या रांगेत गेल्या दीड-दोन दशकांत एक नवे विशेषण येऊन बसले आहे : 'वाय-फाययुक्त परिसर'. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'च्या प्रश्नावलीतही वाय-फायसह माहिती-तंत्रज्ञानाच्या सुविधा संस्था वेळोवेळी अद्ययावत करते काय, हा प्रश्न अनेक वर्षे विचारला गेला. संस्थाचालकांनी त्याचे उत्तर होकारार्थी दिले, समितीने यंत्रे पाहिली आणि नोंद झाली. ग्रंथालयाच्या कोपऱ्यातील टेबलाशी बसलेल्या विद्यार्थ्याला त्या दिवशी एखादा शोधनिबंध उघडता आला की नाही, हे मात्र कोणत्याही रकान्यात लिहावे लागत नाही.

यंत्रे बसविणे आणि जोडणी मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट खरेदी-विभागाच्या कक्षेत येते, दुसरी शिक्षणाच्या. केंद्र सरकारच्या उच्चशिक्षणविषयक अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये देशात १,१६८ विद्यापीठे, ४५ हजारांहून अधिक महाविद्यालये आणि सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते. या विद्यार्थ्यांचा प्रवेश-अर्ज, परीक्षेचा अर्ज, प्रवेशपत्र, निकाल, गुणपत्रिका, सारे काही आता इंटरनेटवरून चालते. महाराष्ट्रातील मागासवर्गीय व आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा अर्जही 'महाडीबीटी'च्या संगणकीय खिडकीतूनच करावा लागतो. अंतिम तारखेच्या संध्याकाळी जोडणी मिळाली नाही, तर त्या विद्यार्थ्याचे वर्षभराचे शुल्क अडकते. तेव्हा विद्यापीठाच्या आवारात बिनतारी इंटरनेट मिळणे हा सोयीचा किंवा चैनीचा प्रश्न राहिलेला नाही. तो शिक्षणाच्या संधीचा प्रश्न झाला आहे, आणि त्याच गांभीर्याने त्याचा विचार व्हावयास हवा.

गरजेतून जन्म

बिनतारी संगणक-जाळ्याचा उगम एका विद्यापीठाच्या अडचणीत आहे, ही गोष्ट या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे. हवाई विद्यापीठाचे विभाग वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेले होते. मोठा संगणक मात्र होनोलुलूजवळच्या मुख्य आवारात. तारेने जोडण्याचा मार्ग महाग आणि बेभरवशाचा. तेव्हा नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओलहरींचा आश्रय घेतला, आणि जून १९७१ मध्ये 'अलोहानेट' हे जाळे कार्यान्वित झाले. त्याचा नियम मोठा साधा होता. ज्याला संदेश पाठवावयाचा आहे त्याने तो पाठवावा. दोघांचे संदेश एकाच वेळी निघून एकमेकांवर आदळले, तर प्रत्येकाने यदृच्छेने निवडलेला थोडा काळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा. या कल्पनेचा आधार घेऊन, आणि तिच्यात सुधारणा करून, १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी 'इथरनेट'चा आराखडा मांडला. आज कार्यालयाकार्यालयांतून संगणकाला जोडलेली जी तार दिसते, ती याच कुळातील होय.

पुढील टप्पाही शिक्षणसंस्थांशी निगडित आहे. अमेरिकेतील दूरसंचार-नियामकाने १९८५ मध्ये काही रेडिओपट्टे विनापरवाना वापरासाठी मोकळे केले. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात ॲलेक्स हिल्स यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये संपूर्ण आवार बिनतारी जाळ्याखाली आणण्याचे काम हाती घेण्यात आले. त्या वेळी 'वाय-फाय' हा शब्द जन्मालाही आला नव्हता. या तंत्राचे '८०२.११' हे सर्वमान्य मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि 'वाय-फाय' हे बाजारी नाव १९९९ मध्ये रूढ झाले. सारांश, दूरच्या विद्यार्थ्याला विद्येच्या केंद्राशी जोडावे, या हेतूने ज्या तंत्राचा श्रीगणेशा झाला, ते तंत्र आज आमच्या विद्यापीठांत केंद्राजवळ बसलेल्यालाही जोडू शकत नसेल, तर दोष तंत्राचा म्हणता यावयाचा नाही.

हवा सर्वांची, वाटा थोडा

'बिनतारी' हा शब्द थोडा फसवा आहे. विद्यार्थ्याच्या हातातील मोबाइलपासून छताला लावलेल्या पांढऱ्या तबकडीपर्यंतचे पंधरा-वीस मीटरचे अंतर तेवढे बिनतारी असते. त्या तबकडीच्या मागे तार असते, तारेच्या टोकाला स्विच असतो, स्विचला अखंड वीज लागते आणि शेवटी आवाराबाहेर जाणारी प्रकाशतंतूची वाहिनी लागते. या साखळीतील एक कडी निसटली तरी मोबाइलच्या पडद्यावर पंख्यासारखे चिन्ह पूर्ण उमटलेले दिसते आणि पान मात्र उघडत नाही. विद्यार्थी म्हणतो, 'वाय-फाय आहे, पण नेट नाही.' हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या अगदी अचूक आहे.

दुसरी अडचण निसर्गनियमाची आहे. एका तबकडीच्या कक्षेत एका वाहिनीवर, सर्वसाधारणपणे, एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. बाकीच्यांनी ऐकावयाचे आणि आपली पाळी येण्याची वाट पाहावयाची. वीस जणांच्या वर्गात हे निभते. दोनशे जणांच्या सभागृहात प्रत्येकाच्या वाट्याला कणभर काळ येतो. त्यातही जो विद्यार्थी दूर, खांबाआड बसला आहे, त्याचे उपकरण क्षीण संकेतामुळे सावकाश बोलते, आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत जवळच्यांनाही खोळंबावे लागते. म्हणजे मागच्या बाकावरच्याची गैरसोय ही एकट्याची राहत नाही. ती साऱ्या वर्गाची होते.

रेडिओपट्ट्यांचेही असेच आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घरगुती व संस्थात्मक वापरासाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. परंतु या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन. शेजारच्या इमारतीतील राउटर, विद्यार्थ्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून सुरू केलेले हॉटस्पॉट, उपाहारगृहातील मायक्रोवेव्ह शेगडी, हे सारे त्याच अरुंद गल्लीत गर्दी करतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातील ६०५ मेगाहर्ट्झचा ऐसपैस पट्टा मोकळा केला, आणि रस्ता रुंद झाला. मात्र या उच्च कंप्रतेच्या लहरी भिंतींपुढे लवकर थकतात. आमच्या जुन्या शिक्षणसंस्थांच्या वास्तू तर दगडी आणि भिंती हातहातभर जाडीच्या. मुंबई विद्यापीठाची फोर्टमधील इमारत असो किंवा पुणे विद्यापीठाची गणेशखिंडीतील, एके काळी मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान असलेली वास्तू असो, त्या उभारणाऱ्यांनी रेडिओलहरींचा विचार केलेला असणे शक्यच नव्हते. अशा ठिकाणी व्हरांड्यात एक तबकडी लावून चार खोल्यांची सोय झाली असे मानणे म्हणजे व्हरांड्यात कंदील टांगून चार खोल्यांत उजेड पडेल अशी आशा करणे होय.

या अडचणींवर उपाय नाहीत असे नाही. प्रत्येक खोलीत जाऊन संकेताची शक्ती मोजणे, तबकड्यांची जागा आणि वाहिनी हिशेबाने ठरविणे, एका मोठ्या आवाजाच्या यंत्राऐवजी हलक्या आवाजाची अनेक यंत्रे लावणे, हे शास्त्र आज पूर्ण विकसित झाले आहे. पण त्यासाठी मोजणारा माणूस लागतो. यंत्रखरेदीचा प्रस्ताव मंजूर होणे सोपे असते. ती यंत्रे सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचे कायम पद मंजूर होणे दुरापास्त. परिणामी प्रयोगशाळा-साहाय्यक किंवा कंत्राटी कर्मचारी आपले मूळ काम सांभाळून हेही ओझे वाहतो, आणि सगळ्यांची बोलणीही त्यालाच खावी लागतात.

दारावरची चौकशी

समजा, संकेत चांगला आहे आणि मागची वाहिनीही शाबूत आहे. तरीही विद्यार्थी आत जाऊ शकेलच असे नाही. कारण दारावर चौकशी आहे. ही चौकशी कोठून आली, याला इतिहास आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्या वेळी अतिरेक्यांनी पाठविलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका परदेशी नागरिकाच्या घरच्या असुरक्षित वाय-फायवरून गेल्याचे निष्पन्न झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईतील एका महाविद्यालयाच्या जाळ्याचा असाच गैरवापर झाला. कुलूप नसलेले जाळे म्हणजे कोणीही उचलून नेण्यासाठी ठेवलेली मोहोर, हे ध्यानात आल्यावर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवून घेण्यासंबंधी सूचना काढल्या. पुढे एप्रिल २०२२ मध्ये संगणक-सुरक्षेच्या राष्ट्रीय यंत्रणेने, म्हणजे 'सर्ट-इन'ने, संगणकप्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचे बंधन घातले. सार्वजनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने या अपेक्षांत गैर काही नाही.

गैर आहे ते त्यांचे आमच्या आवारांत झालेले रूपांतर. ओळख पटविणे या सोप्या क्रियेचे अनेक ठिकाणी अर्ज, ओळखपत्राची छायाप्रत, विभागप्रमुखांची स्वाक्षरी आणि 'सोमवारी या' अशा सरकारी चक्रात परिवर्तन झाले. दर काही तासांनी परवलीचा शब्द विचारणारे पान उघडावयाचे. ते उघडले नाही तर का उघडले नाही, हे सांगणारे कोणी नाही. काही संस्था विद्यार्थ्याच्या उपकरणाचा कारखान्यात दिलेला क्रमांक, ज्याला तंत्रज्ञ 'मॅक ॲड्रेस' म्हणतात, तो नोंदवून घेतात आणि त्याच क्रमांकाला प्रवेश देतात. ही पद्धत आता मोडकळीस आली आहे. वापरणाऱ्याच्या हालचालींचा कोणी माग काढू नये म्हणून २०१९-२० पासून नव्या अँड्रॉइड आणि आयफोन प्रणाली वाय-फाय जाळ्यासमोर आपला खरा क्रमांक न सांगता बनावट क्रमांक सांगू लागल्या आहेत. साहजिकच, नोंदणी एका क्रमांकाची आणि दारात उभा राहतो दुसराच. मोबाइलच्या मांडणीत जाऊन त्या जाळ्यापुरता हा बनावट क्रमांक बंद करता येतो. परंतु ही दोन ओळींची सूचना ग्रंथालयाच्या फलकावर मराठीत लावण्याचे कष्ट किती संस्थांनी घेतले असतील?

या चौकशीचा जाच सर्वांना सारखा होत नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. ज्याच्याजवळ भरपूर डेटाचा मोबाइल आहे, तो दोनदा प्रयत्न करून सोडून देतो. ज्याच्याजवळ तो नाही, तो तिसऱ्यांदा कार्यालयाच्या खिडकीशी उभा राहतो. खेड्यातून आलेल्या आणि इंग्रजी सूचनांना बिचकणाऱ्या विद्यार्थ्याला तर आपलेच काही चुकत असावे असे वाटते. तो विचारतही नाही. व्यवस्थेचा दोष हा असा मुकाट्याने माणसाच्या अंगी चिकटतो.

हुंडीचा न्याय

ओळख पटविणे आणि आतिथ्य करणे यांत विरोध असावाच लागतो काय? जगातील विद्यापीठांनी या प्रश्नाचे उत्तर २००२ पासूनच दिलेले आहे. त्या वर्षी नेदरलँड्समधील शैक्षणिक संगणक-जाळ्याचे क्लास वीरेंगा यांनी एक कल्पना मांडली, आणि युरोपातील संशोधन-जाळ्यांच्या संघटनेने ती उचलून धरली. नेदरलँड्स, फिनलंड, पोर्तुगाल, क्रोएशिया आणि ब्रिटन येथील संस्थांत तिची पहिली चाचणी झाली. डिसेंबर २००४ मध्ये ऑस्ट्रेलिया सामील झाल्यावर ती युरोपबाहेर पडली. तिचे नाव 'एडुरोम'. शंभराहून अधिक देशांत ती आज रुजली आहे.

या व्यवस्थेचे मर्म समजण्यास आपल्या जुन्या हुंडीचा दृष्टान्त उपयोगी पडतो. पुण्याचा यात्रेकरू काशीला निघताना रोकड बरोबर नेत नसे. ओळखीच्या पेढीची हुंडी नेत असे. काशीचा सावकार त्या यात्रेकरूला ओळखत नसे, पण पुण्याच्या पेढीची पत जाणत असे, आणि तेवढ्यावर पैसे मोजून देत असे. एडुरोमचे असेच आहे. मुंबईच्या संस्थेतील संशोधक लायडनला गेला, तर त्याचा मोबाइल तेथील जाळ्याला आपले नाव आणि आपल्या मूळ संस्थेचे नाव सांगतो. तेथील संगणक ही विनंती राष्ट्रीय केंद्रामार्फत भारतातील केंद्राकडे आणि तेथून मुंबईच्या संस्थेकडे पाठवितो. मुंबईहून 'हा आमचा माणूस आहे' असे उत्तर गेले की दार उघडते. या सगळ्याला काही क्षण पुरतात. परवलीचा शब्द बंद पाकिटातून प्रवास करतो. तो फक्त मूळ संस्था वाचू शकते, यजमान संस्थेला तो दिसत नाही. अर्ज नाही, स्वाक्षरी नाही, अतिथीसाठी वेगळी चिठ्ठी नाही. आणि तरीही गैरवापर झालाच, तर तो कोणाच्या खात्यावरून झाला याचा छडा मूळ संस्थेच्या नोंदींवरून लावता येतो. सुरक्षितता आणि आतिथ्य दोन्ही साधतात.

अर्थात, हुंडीतही लबाडी चालत असे, तशी ती येथेही चालू शकते. कोणी भामटा आवाराबाहेर त्याच नावाचे खोटे जाळे उभारून परवलीचे शब्द गोळा करू शकतो. त्याला प्रतिबंध म्हणून मूळ संस्थेच्या संगणकाचे एक डिजिटल प्रमाणपत्र असते, आणि ते तपासूनच पुढे जावे अशी आज्ञा मोबाइलला एकदा द्यावी लागते. घाईत 'प्रमाणपत्र तपासू नको' असा पर्याय निवडणारा विद्यार्थी पेढीची मोहोर न पाहताच हुंडी वटविणाऱ्या सावकारासारखा ठरतो. ही खबरदारी शिकविणे हाही आजच्या साक्षरतेचा भाग आहे.

भारतात एडुरोमचे काम 'अर्नेट' ही संस्था पाहते. हिचा पूर्वेतिहास लक्षणीय आहे. परदेशी बोटीने आणलेली वस्तू म्हणून इंटरनेटकडे पाहणाऱ्यांना ठाऊक नसते की, सर्वसामान्यांसाठी ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू होण्याच्या कितीतरी आधी, १९८६ मध्ये, इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने अर्नेटचा प्रकल्प हाती घेतला होता. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे राष्ट्रीय संगणक-तंत्र केंद्र हे त्याचे पहिले मानकरी. म्हणजे या देशात इंटरनेट आले ते विद्येच्या दारातून. पुढे मार्च २०१० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ५,९९० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय ज्ञान-जाळ्यास मान्यता दिली आणि विद्यापीठांच्या उंबरठ्यापर्यंत वेगवान वाहिन्या आल्या. उंबरठ्यापासून शेवटच्या बाकापर्यंतचे अंतर तेवढे राहून गेले आहे. आयआयटीसारख्या मोठ्या संस्थांत एडुरोम परिचयाचे आहे. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात त्याचे नावही पोचलेले नसते.

मोबाइल असताना वाय-फाय कशाला?

या सर्व प्रतिपादनावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. सप्टेंबर २०१६ पासून देशात मोबाइल डेटा स्वस्त झाला. प्रत्येकाच्या खिशात इंटरनेट आले. मग विद्यापीठाने हा खटाटोप कशाला करावा? आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. पण स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. जुलै २०२४ मध्ये प्रमुख खाजगी दूरध्वनी कंपन्यांनी आपले दर वाढविले, तेव्हा घरून ठराविक रक्कम घेऊन शहरात राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या खर्चाच्या वहीत ती वाढ उमटलीच. शिवाय मोबाइलच्या चार बोटे पडद्यावर गाणे ऐकता येते, निरोप धाडता येतो. प्रबंधाचे प्रकरण लिहिता येत नाही, की सांख्यिकीचा तक्ता मांडता येत नाही.

२०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत असे दिसले होते की, इंटरनेटची सोय असलेली घरे शहरांत ४२ टक्के, तर ग्रामीण भागात जेमतेम १५ टक्के होती. संगणक असलेली ग्रामीण घरे तर सुमारे ४ टक्केच होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, करोनाच्या साथीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि वर्ग पडद्यावर गेले. घर आणि आवार यांच्यातील दरी किती रुंद आहे, हे त्या वेळी देशाने उघड्या डोळ्यांनी पाहिले. मोबाइलचा प्रसार त्यानंतर पुष्कळच वाढला आहे. तरीही ज्याच्या घरी शांत कोपरा नाही, संगणक नाही आणि पुरता संकेतही नाही, त्याच्यासाठी महाविद्यालयाचे आवार हीच एकमेव अभ्यासिका उरते. एके काळी पुण्यात वार लावून जेवणारे, माधुकरी मागणारे आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचणारे विद्यार्थी होते. समाजाने त्यांना अन्न दिले आणि नगरपालिकेने, नकळत का होईना, उजेड दिला. त्या उजेडाचे आजचे रूप म्हणजे आवारातील इंटरनेट होय.

आणखी एक गोष्ट मोबाइल डेटाला सहसा साधत नाही. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेस मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी तिच्यावर ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. तिच्यामुळे तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्थांतील विद्यार्थ्यांना खुली झाली. लहान गावातील सरकारी महाविद्यालयाला पूर्वी स्वप्नातही न परवडणारे हे भांडार आहे. परंतु ते उघडते संस्थेची ओळख पटल्यावर. सर्वांत सोपी ओळख म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या जाळ्यावरून आलेली विनंती. बाहेरून वाचण्याची सोयही करता येते, पण तिच्यासाठीसुद्धा संस्थेने प्रत्येक विद्यार्थ्याला संगणकीय ओळख दिलेली असावी लागते. आवारातील जाळे लंगडे आणि ओळखीची व्यवस्था अर्धवट असेल, तर सहा हजार कोटींची पुस्तके कपाटात आणि कपाटाची किल्ली हरवलेली, अशी गत व्हावयाची.

विद्यार्थी या सोयीचा उपयोग चित्रपट पाहण्यासाठीच करतात, हा दुसरा आक्षेप. काही जण करतात, यात शंका नाही. ग्रंथालयातूनही सर्वजण तत्त्वज्ञानाचेच ग्रंथ नेतात असे नव्हे. म्हणून कोणी ग्रंथालये बंद केली नाहीत. वर्दळीच्या वेळी करमणुकीचा वाटा मर्यादित ठेवण्याचे तंत्र उपलब्ध आहे. मात्र शिस्तीच्या नावाखाली दारच बंद करण्याची प्रवृत्ती घातक आहे, आणि तिचा पहिला फटका मुलींच्या वसतिगृहांना बसतो. केरळमध्ये कोझिकोडजवळच्या एका वसतिगृहाने संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत विद्यार्थिनींना मोबाइल वापरण्यास बंदी घातली होती. एका विद्यार्थिनीने तो नियम मानण्यास नकार दिला. तिला वसतिगृह सोडावे लागले. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय देताना इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले आणि तिला पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. रात्री ग्रंथालयापर्यंत जाण्याची मुभा जिला नाही, तिच्या खोलीतील जोडणीचे मोल या निर्णयाने अधोरेखित केले आहे.

करावयाचे काय?

उपाय फार खर्चाचे नाहीत. ते लक्ष देण्याचे आहेत. पहिली गोष्ट, मोजमाप. प्रत्येक सत्राच्या आरंभी ग्रंथालय, वाचनकक्ष, वसतिगृहे आणि मोठी सभागृहे येथे, विद्यार्थ्यांच्या साध्या मोबाइलवरून आणि शेवटच्या बाकावरून, जोडणी व वेग मोजावा आणि तो आकडा सूचनाफलकावर लावावा. किती यंत्रे बसविली यापेक्षा किती जणांना जोडणी मिळाली, हा निकष 'नॅक'नेही स्वीकारावा. दुसरी गोष्ट, अग्रक्रम. प्राचार्यांच्या दालनाआधी वसतिगृह आणि वाचनकक्ष यांचा विचार व्हावा. रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही जाळे चालू राहावे, कारण गरजू विद्यार्थी त्याच वेळी आवारात असतो.

तिसरी गोष्ट, ओळख. प्रवेशाच्या पावतीबरोबरच विद्यार्थ्याला त्याची संगणकीय ओळख मिळावी, ती निकाल लागेपर्यंत चालावी आणि तिनेच वाय-फाय, ग्रंथालय व नियतकालिके ही तिन्ही कुलपे उघडावीत. विद्यापीठाने एडुरोममध्ये सामील होऊन आपल्या संलग्न महाविद्यालयांनाही बरोबर घ्यावे, म्हणजे परीक्षेसाठी, परिसंवादासाठी किंवा ग्रंथ पाहण्यासाठी दुसऱ्या गावी गेलेल्या विद्यार्थ्याला तेथे परके वाटणार नाही. चौथी गोष्ट, मर्यादा. सुरक्षिततेसाठी नोंदी ठेवणे आवश्यक आहे; कोणी काय वाचले याची चौकशी करणे आवश्यक नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. त्याचा आत्मा ओळखून विद्यापीठांनी नोंदी किती काळ राहतील आणि त्या कोण पाहू शकेल, हे आधीच जाहीर करावे. आणि पाचवी गोष्ट, माणूस. जोडणी कशी करावी याचे चित्रांसह मराठी पत्रक आणि अडल्यानंतर विचारण्यासाठी एक टेबल, त्या टेबलाशी कायम नोकरीतील एक तंत्रज्ञ, एवढी व्यवस्था कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा अधिक काम करील.

ग्रंथालयाचे दार सर्वांना उघडे असावे, हे तत्त्व स्वीकारण्यास समाजाला पुष्कळ काळ लागला. जात, लिंग आणि पैसा यांचे अडसर एकेक करून काढावे लागले, आणि त्यासाठी मोठमोठ्यांना आयुष्ये वेचावी लागली. नवे दार डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचे अडसरही दिसत नाहीत; पण परवलीचा शब्द न मिळालेला विद्यार्थी दाराबाहेरच असतो. विद्यापीठाने आपल्या माहितीपत्रकात 'वाय-फाययुक्त परिसर' असे अवश्य छापावे. मात्र छापण्यापूर्वी कोणा एका नव्या विद्यार्थ्याला, त्याच्याच मोबाइलसह, ग्रंथालयाच्या शेवटच्या टेबलाशी बसवून एक शोधनिबंध उघडावयास सांगावा. तो उघडला तर विशेषण सार्थ झाले असे समजावे. नाही उघडला, तर शाई वाचवावी आणि त्या पैशात आणखी एक तार ओढून घ्यावी.